भरलेलं वजा रिकामं

रात्री दोन दहाला सावद्याच्या काट्यावर
एकही गाडी नव्हती, म्हणून लावला.
भाग एकशे अठ्ठावीस. स्पर्धेची फायनल.
ह्या बावीस मिनिटांसाठी तीन वर्षं थांबलो होतो.
मधे बहिणीचं लग्न झालं, माझं मोडलं,
काट्याचा डिस्प्ले दोनदा बदलला.

सुबोनो, मिठागरवाल्याचा पोरगा,
हाताला भेगा, तोंडात शब्द कमी.
समोर कानेहिरा,
उजवा गुडघा सेमीफायनललाच गेलेला.
अठरा मिनिटं सुबोनो त्या गुडघ्याकडे बघतसुद्धा नाही.
मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेलो,
म्हटलं, हा आपला माणूस.

एकोणिसाव्या मिनिटाला त्यानं तिथेच मारलं.

कच्च्या केळीचा घड
फळीवरून निसटून डांबरावर पडावा
तसा आवाज.
पंचानं हात वर केला.
नियमात बसतं.

लिल्या नेहेतेचा फोन लगेच.
"लेखकानं शेण खाल्लं भो!
इतके भाग ज्याला घडवलं
त्याला एका लाथेत विकलं."
मी हो म्हटलं.
चित्रंही घाईत काढलेली, म्हटलं,
प्रेक्षकांत तोच टोपीवाला सात वेळा,
कानेहिराचा डावा कान एका ठिकाणी गायबच.
मोजून सांगितलं सगळं.

नंतरचे नऊ सेकंद नाही सांगितले.
सुबोनो जिंकून उभा आहे
आणि स्वतःच्या पायाकडे बघतोय,
जणू रात्रीतून कुणी
दुसऱ्याचा पाय त्याला बसवून गेलंय.
तेवढंच कुणीतरी जीव ओतून काढलंय.
बाकीचा भाग कदाचित
ह्या नऊ सेकंदांसाठीच उपाशी ठेवला असेल.

तेवढ्यात दिल्लीची गाडी चढली काट्यावर.
ड्रायव्हर गुरमेल, पावतीसाठी खिडकीशी आला
आणि माझ्या फोनमधे वाकून बघत राहिला.
"जीता कौन?"
म्हटलं, जो रो रहा है, वो.
"फिर तो हारा ना, भाई."
पावती घेतली, चहाचं विचारलं, गेला.
त्याला आधीचे एकशे सत्तावीस माहीत नव्हते.
मला माहीत होते, तरी
त्याच्याइतकं पटकन काही बोलता आलं नाही.

आंतरशालेय कबड्डी, नववी, फैजपूरच्या शाळेशी.
मध्यंतरात नळावर मी पाहिलं होतं,
त्यांचा सात नंबर घोटा दाबत बसला होता
आणि कुणी बघितलं की हात काढून घेत होता.
शेवटची चढाई त्याचीच.
मी घोटाच धरला.
शिट्टी वाजली. पाठ लाल होईस्तोवर थोपटली सगळ्यांनी.
बक्षिसाचा स्टीलचा जग अजून आहे,
आई त्यात ताक ठेवते,
मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत,
मी त्यातलंच दोन ग्लास पिऊन ड्युटीला येतो.
गोड लागतं. खोटं कशाला बोलू.

त्या पोराचं नाव मला माहीत नाही.
लिल्या तेव्हा साखळीत माझ्या डावीकडे होता.
नळावरचं त्यालाही दिसलं होतं का,
अकरा वर्षांत विचारलेलं नाही.

भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
उरतो तो माल. एवढंच माझं काम.
रिकाम्याची पावती नसेल
तर मी कुणाचंच वजन लिहून देत नाही.
सुबोनो रिकामा किती भरतो?
ते कुठल्या भागात दाखवलंय?
लेखकाला शिव्या द्यायच्यात, देईनही,
कारण त्याच्याकडे वेळ होता, कागद होता,
तो गुडघा वाचवू शकत होता.
आणि वाचवला असता
तर मी आजची रात्र मजेत झोपलो असतो खुर्चीत,
आणि तो जग फक्त जगच राहिला असता.

पहाटे लिल्याचा मेसेज:
मी सोडलं बघणं. तूपण सोड.
मी अंगठा पाठवला.

पुढचा भाग गुरुवारी रात्री.
गुरुवारी माझी दिवसपाळी होती.
बदलून घेतली.